पाच टक्क्यांचा एक टक्का कसा झाला

(‘हिशेब विचारा’, डिसेंबर 2025. उत्तरं देणाऱ्या ताई इंदूरच्या. सरकारी लेखा खात्यातून निवृत्त. प्रश्न छापताना वाचकांची नावं दिलेली नाहीत.)

ताई, मी राजेंद्र नगरला एकटी राहते. मुलगा न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डवर. दर महिन्याला 500 डॉलर पाठवतो. मे महिन्यात शेजारच्या काकांनी सांगितलं, अमेरिका आता बाहेर पाठवलेल्या पैशावर 5 टक्के कर घेणार. पंधरा दिवसांत ते साडेतीन झाले. आता म्हणतात 1 टक्का, नव्या वर्षापासून. मुलगा म्हणतो, ‘आई, आपल्याला काहीच लागणार नाही.’ मला काळजी नको म्हणून तो असं सांगतोय का?

मुलगा खरं बोलतोय, आणि तुमचे शेजारीही खोटं बोलत नव्हते. मे महिन्यात मसुदा पहिल्यांदा समितीपुढे आला तेव्हा त्यात 5 टक्केच होते, आणि ते नागरिक नसलेल्यांकडून घ्यायचे होते. म्हणजे तुमच्या मुलासारख्यांकडूनच. 22 मेला त्यांच्या खालच्या सभागृहात, प्रतिनिधिगृहात, कायदा 215 विरुद्ध 214 मतांनी पास झाला तोवर 5 चे साडेतीन झाले होते. वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, 1 टक्का राहिला, आणि त्याचं रूपही बदललं. आता नागरिक असो नसो, कर लागेल तो काउंटरवर रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा बँकेचा चेक देऊन पैसे धाडणाऱ्याला. अमेरिकेतल्या बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवले तर शून्य. 1 जानेवारी 2026 पासून लागू.

म्हणजे तुमच्या 500 डॉलरवर मे महिन्यात 25 डॉलर कापायची भाषा होती, मग साडेसतरा, आणि आता काहीच नाही. मुलगा मोबाईलवरून खात्यातूनच पाठवत असेल. एकदा विचारून घ्या, आणि मग झोपा निवांत.

आता आकडा उतरला कसा. माझी सगळी नोकरी सरकारी जमाखर्चात गेली, त्यामुळे हा भाग मला कादंबरीपेक्षा गोड लागतो. जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

त्यांच्या सिनेटमध्ये 100 सदस्य. साधारणपणे कुठलंही मोठं विधेयक पुढे न्यायचं तर 60 मतं लागतात, कारण विरोधक चर्चा लांबवत बसू शकतात. पण कर आणि खर्चासाठी एक आडवाट आहे. तिला तिकडे ‘रिकन्सिलिएशन’ म्हणतात. त्या वाटेने गेलं की साधं बहुमत पुरतं. अट एवढीच की मजकूर पैशाचा हवा, आणि ठरवलेल्या मुदतीच्या पुढे, साधारण दहा वर्षांनंतर, त्याने तूट वाढता कामा नये. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. 2017 मध्ये ट्रम्प यांनी कंपन्यांचा कर 35 वरून 21 टक्के केला तो कायमचा, पण सामान्य माणसाच्या सवलतींना 2025 अखेरची मुदत घातली. ती मुदत ह्या नियमात बसवण्यासाठीच. त्याआधी बुश यांनी 2001 आणि 2003 मध्ये दिलेल्या सवलतींचंही तेच झालं होतं. त्या संपायच्या रात्री, म्हणजे 1 जानेवारी 2013 च्या पहाटे दोनच्या सुमाराला, सिनेट मतदान करत बसली होती.

तर 2025 मध्ये मुदत संपत आली आणि एकच अगडबंब कायदा आला. त्यात करसवलत, संरक्षणाचा खर्च, गरिबांच्या आरोग्य योजनेतली कपात, कर्जाच्या मर्यादेत 5 लाख कोटी डॉलरची वाढ, सगळं एका गाठोड्यात. सत्ताधारी पक्षाकडे खालच्या सभागृहात तीन-चार मतांचीच चैन होती. अशा वेळी मोठ्या पुढाऱ्यापेक्षा चौघंजण अडून बसले तर त्यांचा भाव जास्त.

ह्यातला एक भाव तुमच्या मुलाला चांगला माहीत असणार. न्यू जर्सीत घरपट्टी भरमसाट. पूर्वी राज्याला भरलेला कर आणि घरपट्टी केंद्राच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता यायची. 2017 च्या कायद्याने त्यावर 10,000 डॉलरची कमाल मर्यादा घातली, तिकडच्या भाषेत टोपी. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियाचे सत्ताधारी पक्षाचेच मूठभर खासदार ह्या वेळी म्हणाले, टोपी वर करा, नाहीतर आमचं मत विसरा. 30,000 देऊ केले, त्यांनी नाकारले. शेवटी 40,000 वर तुटलं, वर्षाला 5 लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांसाठी. आणि 2030 मध्ये टोपी परत 10,000 वर! तारीख तेवढी सांगा मुलाला. नवं घर घेताना ह्या सवलतीवर हप्ता बसवू नकोस म्हणावं.

दुसरा भाव ऐकून मी चहा खाली ठेवला होता. सिनेटमध्ये अलास्काच्या लिसा मुर्कोव्स्की यांचं मत अडलं होतं. त्यांच्या राज्यात देवमाशाची पारंपरिक शिकार करणारे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या होडीच्या कप्तानाला शिकारीच्या खर्चापोटी मिळणारी 10,000 डॉलरची वजावट ह्याच कायद्यात 50,000 झाली. देशाच्या आयकराच्या कायद्यात देवमासा! मत पडलं. 50–50 अशी बरोबरी झाली, उपराष्ट्राध्यक्षांनी आपलं मत टाकून 51–50 केलं, आणि 4 जुलै 2025 रोजी सही झाली.

पैसे पाठवण्यावरचा कर ह्याच घासाघिशीत घसरला. भारतात बाहेरून येणाऱ्या पैशात सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचाच आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत 2023-24 साठी तो जवळजवळ 28 टक्के भरला. तेव्हा तुम्ही एकट्याच काळजीत नव्हता. ह्याच कायद्याने दहा वर्षांत तूट 3.4 लाख कोटी डॉलरने वाढेल असा त्यांच्याच संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. माझ्या मते हे गाठोडं वाईटच बांधलंय. आरोग्याच्या खर्चात कापाकापी करून घरपट्टीवाल्यांना दिलासा, हा हिशेब मला पटत नाही. पण तुमचे 500 डॉलर सुखरूप येतील.

ताई, भंवरकुआँला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अमेरिकेत 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकार बंद होतं. आपल्याकडे एवढे पक्ष, एवढी भांडणं, तरी आपलं सरकार असं कधी बंद पडत नाही. का?

बाळा, प्रश्न चांगला आहे. आणि परीक्षेत आला तर नुसतं ‘लेखानुदान’ लिहून सुटशील. पण तेवढ्यावर थांबू नकोस.

आधी त्यांचं. 1884 चा त्यांचा एक कायदा म्हणतो की संसदेने मंजूर केल्याशिवाय कुठल्याही खात्याने खर्च करायचा नाही. तरी शंभर वर्षं कुणी कुलूप लावलं नव्हतं. मंजुरीला चार दिवस उशीर झाला तर कामं चालू राहायची. 1980 मध्ये त्यांचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा अर्थ कडक लावला, की मंजुरी नसेल तर काम थांबवा. 1981 मध्ये त्यांनीच जीविताच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षेपुरती सूट दिली. तेव्हापासून 30 सप्टेंबरला त्यांचं आर्थिक वर्ष संपलं की कुलूप हातात घेऊनच वाटाघाटी होतात. 1995-96 मध्ये 21 दिवस, 2013 मध्ये 16, 2018-19 मध्ये 35, आणि ह्या वेळी 43.

वर आजींना मी आडवाट सांगितली ना, ती नेहमीच्या खर्चाला चालत नाही. तिथे 60 मतं लागतातच, म्हणजे विरोधकांची काही मतं हवीतच. विरोधकांचं म्हणणं, आरोग्य विम्याच्या हप्त्यावरची वाढीव मदत डिसेंबर 2025 ला संपतेय, ती वाढवा मग मत घ्या. सत्ताधारी म्हणाले, आधी कुलूप काढा मग बोलू. विमानतळांवरचे नियंत्रक बिनपगारी बसले, 40 मोठ्या विमानतळांवर उड्डाणं कमी करावी लागली, सव्वाचार कोटींच्या आसपास लोकांची धान्यमदत अडकली. शेवटी विरोधी बाकांवरचे आठजण फुटले आणि 60–40 ने वाट मोकळी झाली. विम्याच्या मदतीचं ठोस काहीच पदरात पडलं नाही, नंतर मतदान घेऊ एवढा शब्द मिळाला. बऱ्याचशा खात्यांना मिळालेली मंजुरीही 30 जानेवारी 2026 पर्यंतचीच होती.

आता आपलं. आपल्याकडे लोकसभेत ज्याचं बहुमत त्याचंच सरकार. खर्चाचं किंवा कराचं विधेयक लोकसभेत पडलं तर सरकारनेच चालतं व्हायचं असतं, त्यामुळे कुलूप लावायची वेळच येत नाही. राज्यसभा धन विधेयक फार तर 14 दिवस ठेवून घेऊ शकते, अडवू शकत नाही. अर्थसंकल्प 31 मार्चपर्यंत पुरा पास व्हायचा नसेल, निवडणुकीचं वर्ष असेल, तर अनुच्छेद 116 प्रमाणे लेखानुदान घेऊन काही महिन्यांचा खर्च भागवतात. त्यात 1985 चा पक्षांतरबंदी कायदा. व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की खासदाराला मुर्कोव्स्कीबाईंसारखं अडून बसता येत नाही. बसला तर खासदारकी धोक्यात.

कपात सूचना पाठ केल्या असशील. धोरण नामंजूर म्हणून मागणी 1 रुपयावर आणा, तक्रार म्हणून 100 रुपये कमी करा, काटकसर म्हणून अमुक रक्कम कापा. पुस्तकात शोभतात. प्रत्यक्षात 23 मार्च 2023 रोजी सुमारे 45 लाख कोटींच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. त्या प्रकाराला गिलोटिन म्हणतात. मी नोकरीत असताना दोन हजारांच्या स्टेशनरीच्या बिलावर तीन आक्षेप काढायचे, म्हणून तो दिवस माझ्या लक्षात राहिलाय.

मग आपल्याकडे सौदा होतच नाही का? होतो, पण आधी होतो. माझे वडील छावणीच्या धान्यमंडीत एका अडत्याकडे मुनीम होते. शाळेतून येताना मी त्यांचा डबा घेऊन जायची. तिथे दोन माणसं समोरासमोर उभी, हातात हात, वर रुमाल टाकलेला. तोंडाने गप्पा पावसाच्या, लेकीच्या लग्नाच्या, आणि रुमालाखाली बोटं दाबून गव्हाचा भाव चाललेला. रुमाल निघायचा तेव्हा सगळं ठरलेलं असायचं. बाजूला उभ्या शेतकऱ्याला, ज्याचा गहू, त्याला शेवटचा आकडा फक्त ऐकायचा. पुढे बोली उघड झाली ती ह्याचसाठी.

2024 च्या निवडणुकीत भाजपला 240 जागा मिळाल्या, बहुमताला 272 लागतात. आंध्रच्या तेलुगू देसमचे 16 आणि बिहारच्या संयुक्त जनता दलाचे 12 खासदार एकदम मोलाचे झाले. 23 जुलैला अर्थसंकल्प आला त्यात आंध्रच्या अमरावतीसाठी 15,000 कोटींची सोय आणि बिहारच्या रस्त्यांसाठी 26,000 कोटी. लोकसभेत ह्यावर कुणी अडलं नाही, की पहाटेपर्यंत मतदान चाललं नाही. रुमाल आधीच निघाला होता. अमेरिकेत देवमाशाची वजावट पेपरात तरी येते. 43 दिवस पगार बंद ठेवणारी पद्धत मला नकोय, पण आपला रुमालही मला आवडत नाही. उत्तरपत्रिकेत हे लिहू नकोस, मुलाखतीत विचारलं तर सांग.

आमचं मल्हारगंजात नमकीनचं दुकान आहे, मिस्टर आणि दीर बघतात. सप्टेंबरमध्ये जीएसटी कमी झाला तर गिऱ्हाईक म्हणतं सेव स्वस्त करा. सुट्या सेवेवर तर काही कमी झालंच नाही. मग आम्ही काय कमी करायचं? आणि हे ठरवतं कोण?

वहिनी, तुमचं बरोबर आहे. सुटी, वजन करून दिलेली सेव आधीही 5 टक्क्यांत होती, आताही आहे. 12 टक्के होते ते पाकीटबंद, लेबल लावलेल्या मालावर. 22 सप्टेंबर 2025 पासून तेही 5 झाले. एकाच कढईतली लौंग सेव, कागदात बांधली तर 5 आणि पाकिटात सील केली तर 12, हा घोळ मिटला हे बरं झालं.

पाकिटाचा हिशेब असा करा. 200 रुपयांचं पाकीट 12 टक्के धरून होतं, तर मूळ किंमत 178 रुपये 57 पैसे. त्यावर 5 टक्के लावले की 187 रुपये 50 पैसे. साडेबारा रुपये गिऱ्हाइकाचे आहेत, ते सोडा. सुट्या मालाला मात्र हात लावू नका. दुकानात पाटी लिहून टाका, रोज तोंड शिणवू नका.

ठरवते जीएसटी परिषद. आपल्या देशात कराचा खरा सौदा टेबलावर होण्याची जागा ती एवढीच. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. गणित मांडून पाहा, केंद्राला डावलून काही होत नाही. राज्यांना अडवायचं तर सगळे हजर असताना बारा राज्यांनी एक व्हायला हवं. त्यामुळे मतदान टाळून बोलणीच करतात. पहिलं मतदान व्हायला डिसेंबर 2019 उजाडलं, तेही लॉटरीवर! आताचे दर उतरवणारी 3 सप्टेंबर 2025 ची बैठक खरं तर दोन दिवसांची होती, पण एका दिवसात रात्री आटोपली. त्याआधी आठ विरोधी राज्यांनी धरलं होतं की दर उतरले तर आमची तूट कोण भरणार, भरपाई तर 2022 मध्येच संपली. सरकारच्या अंदाजाने एकूण 48,000 कोटींचा फटका होता. दर उतरले, भरपाईचं काही ठरलं नाही. त्या तुटीपायी राज्यं आता दुसरीकडून हात घालतील. पेट्रोल आणि दारू अजून जीएसटीबाहेर आहेत, एवढंच सांगून ठेवते.

आमच्यासारख्या सामान्य माणसाने ओरडून कधी कर बदललाय का हो ताई? खरं सांगा. — सुदामा नगरहून एक निवृत्त शिक्षक

बदललाय, सर. 2016 मध्ये भविष्य निधी काढताना 60 टक्के रकमेवर कर बसवायचं जाहीर झालं होतं. नोकरदारांनी आरडाओरडा केला आणि 8 मार्चला अरुण जेटलींनी लोकसभेत ते मागे घेतलं. आठच दिवस टिकलं.

दुसरं माझ्या घरचं. 2001 च्या दिवाळीनंतर आम्ही 4 लाखांना एक छोटा फ्लॅट घेतला होता, जुन्या इमारतीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे बोलायला लागले तसा 2024 मध्ये 22 लाखांना विकायचा ठरवला आणि जुलैच्या मध्यावर बयाणा घेतला. 23 जुलैच्या अर्थसंकल्पात घरविक्रीचा कर 20 वरून साडेबारा टक्के केला, पण महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरायची सोय काढली. टीव्हीवर म्हणे कर कमी झाला! मी पाटी काढली. जुन्या पद्धतीने 4 लाखांचे 363 च्या निर्देशांकाने, म्हणजे 3.63 पटीने, 14 लाख 52 हजार होतात, नफा 7 लाख 48 हजार, कर 1,49,600. नव्या पद्धतीने नफा सरळ 18 लाख, कर 2,25,000. उपकर सोडून. म्हणजे कमी झालेल्या कराने मला 75,400 रुपयांनी बुडवलं होतं.

माझ्यासारखे देशभर होते. घरवाले, बिल्डर, सीए, सगळे बोलले. 7 ऑगस्टला वित्त विधेयकात सरकारने स्वतःच दुरुस्ती आणली, की 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराला दोन्ही पद्धतींपैकी जिचा कर कमी ती. कुठल्या खासदाराने अडून बसून मिळवली असं नाही. पण मिळाली. सप्टेंबरमध्ये रजिस्ट्री झाली.

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी आमचा खरेदीदार घरी आला, बगलेत जुना पेपर. ‘ताई, तुमचे पंचाहत्तर हजार वाचले ना, मग थोडं तुम्हीही सोडा.’ भाव तर जुलैतच ठरला होता. तो पाऊण तास बसला, दोन चहा प्यायला. शेवटी हॉलमधले दोन पंखे आणि गीझर त्याला तसेच सोडले. गीझर तसाही गळत होता.